जवारी काढावी

नेनेनं की-बोर्डवरून दोन्ही हात उचलले आणि म्हणाला, "परत झणझण."

मेल्विननं ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवून ग्लुकोज बिस्किटांचा पुडा उघडला. पुढची दहा मिनिटं आपल्याला काम नाही, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. नेने उठून माझ्याजवळ आला, माझ्या बेस गिटारला कान लावला आणि मला सगळ्यात जाड तार छेडायला सांगितली. मी छेडली. सूर आला तो आला, पण तो गेल्यावरही मागं बारीक झीं झीं राहिलं, रस्त्यावरून ट्रक गेला की फडताळातल्या वाट्या करतात तसं.

"यशोधन," नेने म्हणाला, "पंधरा दिवसांनी कार्यक्रम आहे. तोवर एक तर ही झणझण जाईल, नाही तर तू जाशील."

हे त्यानं जराही आवाज न चढवता सांगितलं. तो कॉलेजात गणित शिकवायचा आणि घरच्या माणसांशीही वजाबाकी समजावल्यासारखा बोलायचा. त्याच्या आईनं आतून विचारलं, झालं का रे वाजवून, कुकर लावते. नेने म्हणाला, झालं.

ही सत्त्याण्णव सालातली, पुण्यातली गोष्ट. आमच्या बँडचं नाव होतं 'लसावि'. शाळेत गणितात असायचा तोच. नाव अर्थात नेनेचं. त्याचा डावा हात पाच मात्रांत चालायचा, माझी गिटार सात मात्रांत, आणि पस्तिसाव्या मात्रेला आम्ही दोघं एका जागी यायचो, म्हणून लसावि. मिरजेला वडलांना फोनवर नाव सांगितलं तर ते म्हणाले, "लस? कसली लस?" त्यांचं सर्जिकल सामानाचं दुकान आहे, त्यामुळं त्यांना तेच ऐकू आलं.

आम्ही वाजवायचो त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. म्हणजे गाणं वीस मिनिटांचं, त्यात गाणारा कुणी नाही, आणि ताल असा की नाचायला उठलेल्या माणसाचा एक पाय हवेतच राहावा. त्यातही मी बेसवाला. बेस वाजत असतो तेव्हा कुणाला ऐकू येत नाही, थांबला तरच काहीतरी गेल्यासारखं वाटतं. सासरी गेलेल्या मुलीबद्दल बोलतात तसं लोक आमच्याबद्दल बोलतात, ते पण आम्ही गेल्यावर.

लसावि माझा सातवा बँड. पहिला सांगलीला कॉलेजात असताना काढला होता, त्यातला गाणारा अमेरिकेला गेला. दुसऱ्यातला ड्रमर एका बाबांच्या नादी लागला आणि आवाज करणं हे पाप आहे असं म्हणायला लागला. तिसरा फुटला तो एक गाणं एकोणीस मिनिटांचं ठेवायचं की तेवीस, या भांडणातून. चौथ्यातून मला काढलं, कारण मी स्टेजवर हसलो. प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यानं हसायचं नसतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पाचव्यातून का काढलं ते अजून कळलेलं नाही. मी सरावाला गेलो तर दुसराच माणूस माझ्या स्टुलावर बसला होता आणि त्यानंच मला चहा विचारला. सहाव्याचा तर एकही कार्यक्रम झाला नाही, नाव काय ठेवायचं यातच दोन वर्षं गेली.

सहावा बुडाला तेव्हा मी मिरजेला घरी गेलो होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवताना म्हणाले, "अजून एक. त्यातनं काढलं तर दुकानात बसायचं." मी म्हटलं, बसेन. माझी आई ताट वाढता वाढता थांबून दोघांकडं बघत होती, म्हणजे साक्षीदारही झाला. अण्णांनी त्यानंतर पुन्हा तो विषय काढला नाही. आमच्या घरात एकदा बोललेलं पुरतं.

आता कळलं असेल, नेनेच्या त्या एका वाक्यात माझं काय पणाला लागलं होतं. दुकान वाईट नव्हतं. पण काउंटरमागं उभं राहून कुबड्यांची उंची मापायची आणि कमरेचे पट्टे बांधून दाखवायचे, हे मला जमलं नसतं. जमलं असतं, हीच जास्त भीती होती.

गिटार दुरुस्त करणारे पुण्यात होते. दोघांना दाखवली. एक म्हणाला, परदेशातून भाग मागवावा लागेल, तीन महिने. दुसरा म्हणाला, विकून टाक. मग मला दस्तगीरचाचा आठवले. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची गल्ली आहे, तिथं चाचांचं दुकान. आमच्या दुकानापासून चालत पाच मिनिटं. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याकडं जाऊन बसायचो, भोपळे कापताना बघायचो. तारेच्या वाद्याची नस न् नस त्यांना ठाऊक. म्हटलं, तार ती तार, तंबोऱ्याची काय आणि गिटारची काय.

अण्णा त्या आठवड्यात माल घ्यायला पुण्याला आले होते. परत जाताना त्यांना नेनेची अट सांगितली, त्यांच्याबरोबर गिटार दिली आणि चाचांसाठी एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीत दोनच वाक्यं लिहिली: 'जवारी फार येते. कृपया काढावी.'

तारेच्या त्या झणझणाटाला मिरजेत जवारी म्हणतात. हा शब्द मला पाळण्यात असल्यापासून माहीत. तो वापरून मी जरा भाव खाल्ला, हे कबूल करतो. मी साधं 'झणझण थांबवा' असं लिहिलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती आणि आज मी तुमच्या कमरेचं माप घेत असतो.

कार्यक्रमापर्यंत मेल्विननं त्याच्या मेव्हण्याची गिटार आणून दिली, तिच्यावर सराव केला. पण रविवारी ती मेव्हण्याला चर्चमध्ये लागायची, आणि आमचा कार्यक्रम नेमका रविवारी. तोही सकाळी साडेदहाला. रॉकचा कार्यक्रम कुणी सकाळी साडेदहाला करतं का? पण हॉल तेवढाच वेळ मोकळा होता. दुपारी दोनला तिथं कुठल्याशा समाजाचा वधू-वर मेळावा होता. कुठल्या समाजाचा, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

रविवारी सव्वादहाला अण्णा रिक्षातून उतरले. इस्त्रीचा शर्ट, वर जाकीट, एका काखेत फाईल आणि दुसऱ्या हातात माझी गिटार. ती त्यांनी प्रवासात धक्का लागू नये म्हणून कापसाच्या गुंडाळ्या लावून वरून क्रेप बँडेजमध्ये बांधली होती. अपघातातून वाचलेला पेशंट घरी आणावा तसं आम्ही तिला आत नेलं. मेल्विननं बँडेज सोडलं.

"चाचा काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, इतकी चांगली जवारी बऱ्याच वर्षांत काढली नव्हती."

माझा जीव भांड्यात पडला. मी अण्णांना म्हटलं, तुम्ही थांबणार का? ते म्हणाले, थांबतो, दोन वाजता इथंच काम आहे. कसलं काम ते मी विचारलं नाही आणि फाईल त्यांनी दुसऱ्या काखेत घेतली.

चाचांनी तारांखालची जुनी गंजकी पट्टी काढून हाडाची नवी रुंद घोडी बसवली होती. प्रत्येक तारेखाली काळा दोरा सरकवला होता. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधला असेल, म्हातारा प्रेमळ आहे. मांडीवर घेऊन सूर लावले तेव्हा बारीक झीं ऐकू आली, पण शेजारच्या खोलीत मेळाव्याच्या चहासाठी दोन स्टोव्ह पेटवले होते. म्हटलं, स्टोव्हचा आवाज असेल. मिरजेत वाढलेला माणूस मी, आणि मला घोडी बघून कळलं नाही. माणसाला जे घडायला हवं असतं तेच तो बघत बसतो.

पडदा उघडला आणि नेने खूश झाला. आमची एरवीची गर्दी म्हणजे काळे शर्ट घातलेली, केस वाढवलेली चाळीसएक पोरं. ती होतीच, मागं. पण पुढच्या रांगा गच्च भरल्या होत्या. मेळाव्याचे लोक जागा धरायला तीन तास आधी आले होते. इस्त्रीच्या साड्या, बायोडेटाच्या फायली, डब्यात लाडू. काही आयांनी मागं वळून केस वाढवलेल्या पोरांची उंचीही विचारून घेतली. हे उद्घाटनाचं गाणं असणार, अशी समजूत करून सगळे शांत बसले होते.

नेनेची रचना बावीस मिनिटांची, नाव 'कृष्णविवर'. तिची सुरुवात माझ्याकडं. सात मात्रांत एकदा सगळ्यात जाड तार छेडायची आणि मधे, नेनेच्या कागदावर लिहिल्याप्रमाणं, 'संपूर्ण स्वच्छ शांतता'.

मी तार छेडली.

झणझण गेली नव्हती. झणझण आली होती. माझ्या दोन्ही बाजूंच्या पुरुषभर उंचीच्या स्पीकरमधून असा काही भरदार झंकार उठला की हॉलच्या खुर्च्यांचे पत्रे त्यात बोलायला लागले. चार तंबोरे एकदम जागे व्हावेत तसं. आणि तो थांबेना. मी तारेवर हात ठेवायला गेलो तर दुसरी तार तिच्या सुरात आपोआप गुणगुणायला लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वाद्यवाल्यांच्या भाषेत जवारी काढणं म्हणजे ती घालवणं नव्हे. घोडी घासून घासून, तारेखाली दोरा सरकवून ती वाद्यातून बाहेर आणणं. गाईचं दूध काढतात, चित्र काढतात, तशी जवारी काढतात. मी लिहिलं होतं काढावी, चाचांनी काढली होती. चूक त्यांची कुठं होती?

नेनेनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत मला कुबड्या, कमरेचे पट्टे आणि अण्णांच्या काउंटरवरची घंटी, सगळं स्पष्ट दिसलं. पण थांबता येत नव्हतं. प्रोग्रेसिव्ह रॉकमध्ये एकदा मोजणी सुरू झाली की घरात चोर शिरला तरी मोजत राहावं लागतं. मी सातव्या मात्रेला पुन्हा छेडली.

पहिल्या रांगेत टोपी घातलेले एक आजोबा होते. त्यांनी डोळे मिटले, मान डावीकडून उजवीकडं नेली आणि म्हणाले, "वा."

इकडं साउंडवाल्या खिलारेची धावपळ उडाली. त्याच्या मते अशी घरघर आली की कुठंतरी वायर सैल असते. तो वाकून वाकून स्टेजभर फिरायला लागला आणि एकेक पिन उपटून परत खोचायला लागला. माइकची उपटली, घरघर चालूच. दिव्याची उपटली, क्षणभर अंधार, घरघर चालूच. शेवटी त्यानं नेनेच्या की-बोर्डची पिन उपटली. तेवढ्यात मेळाव्याच्या एक बाई त्याला चहा घ्यायला बोलवायला आल्या, आणि ती पिन हातात घेऊनच तो आत गेला.

नेनेला हे कळलंच नाही. त्याची दहाही बोटं विजेसारखी पळत होती आणि आवाज शून्य. आपलं वाजवणं त्या झणझणाटाखाली दबतंय असं वाटून तो आणखी जोरात बडवत होता. आम्हाला त्याच्या नखांचा टकटक आवाज तेवढा येत होता.

मेल्विन हुशार माणूस. त्यानं एकदा नेनेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि नेनेच्या डाव्या हाताची पाचाची चाल उचलून झांजेवर घेतली. आता हॉलमध्ये दोनच गोष्टी ऐकू येत होत्या, त्याचे पाच आणि माझे सात. सात वर्षांत पहिल्यांदा मी लोकांना ऐकू येत होतो.

पस्तिसावी मात्रा आली. आम्ही एका जागी पोचलो, मेल्विननं मोठी झांज मारली. पहिल्या फेरीला कुणी काही केलं नाही. दुसऱ्या फेरीला टोपीवाल्या आजोबांनी बोट वर केलं. तिसऱ्या फेरीला अडीचशे माणसांचे हात एकदम मांडीवर पडले. थप्प. चौथ्या फेरीला तर आया, बाप, मामा, नवरेमुलं, नवऱ्यामुली, सगळे माना वर करून त्या जागेची वाट बघत होते आणि ती आल्यावर सगळ्यांच्या तोंडून एकच 'आऽ' आलं. हॉलमध्ये सम सापडली होती. सात बँड झाले, इतकी गणितं झाली, पण आमची सम ऐकणाऱ्याला कधी सापडली नव्हती. खरं सांगायचं तर आम्हालाही ती मोजूनच सापडायची.

मी अण्णांना शोधलं. ते सातव्या रांगेत कडेला बसले होते. फाईल मांडीवर, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. ते मोजत होते. त्यांनी माझं वाजवणं त्याआधी एकदाही ऐकलेलं नव्हतं. माझी एक मात्रा चुकता चुकता राहिली.

बावीस मिनिटं संपली. मागच्या काळ्या शर्टांनी शिट्ट्या मारल्या, पुढच्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि टोपीवाले आजोबा मोठ्यानं म्हणाले, विलंबित छान झालं, आता द्रुत होऊ द्या.

द्रुत झालं नाही. नेने मला मेकअपच्या खोलीत घेऊन गेला. एव्हाना त्याला पिनेचं कळलं होतं. मी त्याला चिठ्ठीचं, चाचांचं सगळं सांगितलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं. मेल्विन मधे पडला, म्हणाला, अरे, लोकांना तुझं लसावि कळलं, जन्मात पहिल्यांदा कळलं. नेने म्हणाला, लोकांना कळणं हे गृहीतकात नव्हतं.

"झणझण जाणार की तू जाणार, एवढाच प्रश्न होता," तो मला म्हणाला. "झणझण गेली नाही. म्हणजे तू बँडमधून निघालास."

मी गिटार उचलून बाहेर आलो. अण्णा व्हरांड्यात बाकावर बसले होते, मेळाव्याचा चहा पीत. मी त्यांच्या शेजारी बसलो. मग मी म्हटलं, "अण्णा, काढलं मला. उद्याच्या गाडीनं येतो. दुकानाची किल्ली द्या."

अण्णांनी कप खाली ठेवला. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. पण ते चोरी पकडली गेल्यासारखे समोरच्या झाडाकडं बघत होते.

"आत्ता वाजलं ते त्या नेन्याचं की तुझं?" त्यांनी विचारलं.

"मांडणी त्याची. वाजलं ते माझं."

"मग जे तुझं ते घेऊन नीघ. दुकान कुठं पळून चाललंय?"

"पण आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं," अण्णा म्हणाले. "त्यांनी तुला बँडमधून काढलं ना? मग आता तू बँड काढ."

दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हे हा. दहावीत मला सिनेमाला जाऊ देणार नाही म्हणाले होते, तर पुढची तीन वर्षं जाऊ दिलं नव्हतं. त्यांना काय झालं, हे मला तेव्हा अजिबात कळलं नाही. ते काय झालं होतं ते कळायला पंचवीस वर्षं लागली.

त्यांचं दोन वाजताचं काम मात्र लगेच कळलं. मेळावा आमच्याच समाजाचा होता आणि त्यात माझं नाव त्यांनी महिन्यापूर्वीच घातलं होतं. फाईलमध्ये बायोडेटा, व्यवसाय: सर्जिकल सामानाचे स्वतःचे दुकान. त्याच स्टेजवर, त्याच माइकसमोर मी, तोवर चारशे झालेल्या माणसांपुढं, दुसऱ्यांदा उभा राहिलो आणि सांगितलं, यशोधन आळतेकर, बेस वाजवतो, सध्या बँड नाही. मला एकही चौकशी आली नाही. नेनेला मात्र सात आल्या. तो सामान आवरत होता, तर पाच जणांनी तिथंच त्याची पत्रिका मागितली. प्राध्यापक, निर्व्यसनी, आणि आवाज न करता वाजवतो. ज्या मुलीशी त्याचं लग्न झालं तिचं आणि त्याचं अजून छान चाललंय. लसावि लग्नानंतर चार महिन्यांत बंद पडला.

मी बँड काढला. नाव ठेवलं 'जवारी', मेल्विन बरोबर आला. माझा तो आठवा, आणि तो नऊ वर्षं टिकला. त्याच्यानंतरचे सहा बँड मला बोलवायला आले ते त्या घोडीच्या आवाजासाठी. माझ्यासाठी नव्हे, मला भ्रम नाही. पण त्यातल्या एकानंही मला काढलं नाही.

दोन वर्षांपूर्वी घोडी झिजली म्हणून मी गिटार घेऊन चाचांकडं गेलो. चाचा ब्याऐंशीचे झाले असतील, पण हात स्थिर. सगळे जुने किस्से निघाले. मी हसत हसत म्हटलं, चाचा, तुम्हाला तेव्हा माझ्या चिठ्ठीचा अर्थ उलटा लागला आणि माझं आयुष्य मार्गी लागलं.

चाचांनी चष्मा वर सरकवला. त्यांना ते आवडलं नव्हतं.

"मला उलटा लागला?" ते म्हणाले. "साठ वर्षं वाद्यं करतोय मी. गिटारला जवारी नको असते, एवढं मला कळत नाही होय?"

भिंतीवर खिळ्याला एक वाकडी तार लोंबत होती, तिला जुन्या कामांच्या चिठ्ठ्या टोचलेल्या. त्यांनी बराच वेळ चाळून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. वर माझं अक्षर, 'जवारी फार येते. कृपया काढावी.' खाली आमच्या दुकानाच्या जांभळ्या पेनानं, अण्णांच्या टोकदार अक्षरात: 'काढावी म्हणजे भरपूर आणावी.'

मग चाचांनी सांगितलं. चिठ्ठी वाचून त्यांनी अण्णांना विचारलं होतं, काढू म्हणजे घालवू की आणू? अण्णा तिथंच बाकड्यावर बसले होते. मग म्हणाले होते, चाचा, पोरगं घरी यायला पाहिजे. हे वाद्य बिघडवा.

"मी म्हटलं, अण्णा, बिघडवायचं काम मला येत नाही," चाचा म्हणाले. "जवारी हवी असेल तर लिहून द्या, पण मग ती मी चांगलीच काढणार."

चिठ्ठी घेऊन मी आमच्या दुकानात आलो. अण्णा आता सत्त्याऐंशीचे आहेत. दुकान चुलतभाऊ बघतो, पण अण्णा रोज सकाळी येऊन काउंटरमागच्या खुर्चीत बसतात. दोन्ही कानांना यंत्रं आहेत, आपल्याच दुकानातली. मी चिठ्ठी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली. परत वाचली. मी विचारलं, अण्णा, हे काय?

अण्णांनी सावकाश एका कानातलं यंत्र काढलं, मग दुसऱ्या कानातलं काढलं, आणि दोन्ही शर्टच्या खिशात ठेवली. आता विचार काय विचारायचं ते, अशा चेहऱ्यानं ते माझ्याकडं बघायला लागले.

मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. पंचवीस वर्षं या माणसानं एकट्यानं ते मनात ठेवलं होतं.

त्यांनी गिटारकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "वाजव."

मी म्हटलं, यंत्रं घाला की मग. त्यांना ऐकू आलं नाही. मी समोरच्या तपासायच्या स्टुलावर बसलो आणि जाड तार छेडली. अण्णा खुर्चीतून वाकले आणि गिटारच्या लाकडावर तळहात ठेवला. मी सात मात्रा मोजून परत छेडली. त्यांचा हात हलला नाही, दुसऱ्या हाताचा अंगठा मात्र पेरांवर सरकायला लागला.

काउंटरवर एक बाई कमरेचा पट्टा बदलून घ्यायला आल्या होत्या. त्या थांबून राहिल्या.

"येतीय," अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं जरा जास्तच मोठ्यानं, "चांगली काढलीय."